फाउस्तिनोचं वजन

पोकलेन आलं आणि चर्चच्या भिंतीशेजारी नुसतं उभं राहिलं. पिवळंधमक, नवंकोरं, पण टाकीत डिझेलचा टिपूस नाही. मशीन गव्हर्नरच्या खात्याचं, आणि त्यात डिझेल घालायचं नगरपालिकेने, असा म्हणे नियम होता. मेयर दॉन आर्तेमियो म्हणत होता की ज्याने मशीन पाठवलं त्यानेच त्याच्या खाण्यापिण्याचं बघावं. गव्हर्नरचा इंजिनियर म्हणत होता की दारात आलेल्याला जेवू घालायचं काम घरच्या माणसाचं. सकाळपासून दोघं एकमेकांच्या तोंडाला तोंड देत होते आणि रुमिपुक्रू गाव भोवती उभं राहून ऐकत होतं.

सातुर्निना दोघांच्या मधे उभी होती. तिचा नवरा फाउस्तिनो तिथून हाकेच्या अंतरावर गाळाखाली पडला होता आणि कुठं पडलाय ते तिला नेमकं ठाऊक होतं.

पावसाने भिजून भिजून वरचा डोंगर सुटला तेव्हा फाउस्तिनो बैल सोडायला गोठ्यात गेला होता. सातुर्निना मेंढरं घेऊन वरच्या अंगाला धावली म्हणून वाचली. गावातले चौघं गेले. तिघं कडेला होते, त्यांना लोकांनी हातांनी ओढून काढलं. फाउस्तिनो मधोमध राहिला, गोठ्याजवळच्या मोडक्या झाडाच्या खालच्या बाजूला, दोन पुरुष खोल. गाळ ओला होता तोवर मशीनला ते अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण पाऊस उघडला होता आणि डोंगरावरचं ऊन सोलून काढत होतं. गाळ वाळला की विटेसारखा होतो हे तिकडच्या पोराटोरांनाही कळतं, इंजिनियरला कळायला काय हरकत होती.

"सायब," ती म्हणाली, "भांडण मागनं करा. आधी मान्साला काढा."

मेयर तिच्याकडे वळला आणि गहिवरल्यासारखं करून म्हणाला, "बाई, तुज्या नवऱ्याला डोंगरानं न्हाई मारलं, ह्या गव्हर्नरनं मारलं. वरची भिंत बांधायची व्हती त्येनं." इंजिनियर लगेच म्हणाला की भिंतीची जागा मेयरने मोकळी करून दिली नाही, तिथे त्याच्या मेव्हण्याचा बटाटा होता. मग भिंतीवरून जुंपली. फाउस्तिनो बाजूलाच राहिला.

पोकलेन चालवणारा रोलांदो खाली समुद्राकाठचा, भला माणूस. तो सावलीत बसून राहायचा आणि सातुर्निना दिसली की मान खाली घालायचा. तिने त्याला भाजलेला मका नेऊन दिला, चघळायला कोकाची पानं दिली. त्याने खाल्लं आणि मोडक्यातोडक्या गावबोलीत म्हणाला, "मावशी, डिझेल मिळू दे, तुमचं काम पहिलं." ती बिचारी तेवढ्यावर दिवस काढत होती.

गाळाला भेगा पडायला लागल्या तशी तिची तगमग वाढली. तेव्हा दीर सेवेरो म्हणाला की आपण जागा धरू. त्यांच्यात रीतच आहे ती. मढं हाती लागत नसलं तर माणसाचे कपडे पेटीत मांडायचे, खाली चपला, वर टोपी, आणि भोवती बसून त्याला हाका मारायच्या. मग पेटी खड्ड्यात ठेवून त्याची जागा धरायची. आपली जागा तयार आहे हे मेलेल्याला कळलं की तो लवकर वर येतो, आणि वर आला की त्याच खड्ड्यात त्याला कपड्यांशेजारी निजवायचं. नदीत वाहून गेलेले, खाणीत अडकलेले, सगळ्यांसाठी गावाने हेच केलं होतं.

ही बातमी मेयरला लागली आणि त्याने दुसऱ्या दिवशी चक्क पॉलिश केलेली पेटी पाठवून दिली. सातुर्निनाच्या घरात असली पेटी कधी आली नसती. फक्त एक अट होती. मयताला घरात नाही, चौकात बसायचं. तिला वाटलं, मान देतोय बिचारा. तिने पेटीत फाउस्तिनोचा सणाचा सदरा मांडला, विणलेली टोपी ठेवली, वर त्याचा अंगावर घ्यायचा पाँचो पसरला. झाकणाला मेयरच्या माणसांनी खिळे मारले. तिने विचारलं, खिळे कशाला, तर म्हणाले, वाऱ्याने उघडेल.

मेयर हा त्याच खोऱ्यातला. त्याच्या स्वतःच्या चुलत्याची जागा अशीच धरलेली होती. त्याला सगळं ठाऊक होतं. तरी त्याने रेडिओवाला आणला आणि पेटीवर हात ठेवून सांगितलं की गव्हर्नरच्या हलगर्जीपणाने मेलेला माणूस इथं झोपलाय. रेडिओवाल्याने बायाबापड्यांना विचारलं, आत कोण आहे. बाया रडत म्हणाल्या, फाउस्तिनो. सातुर्निनाला विचारलं, तुझाच नवरा का. ती म्हणाली, माझाच. आत कपडे आहेत हे कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं गावात कुणाच्या मनातच आलं नाही. चौकातली पेटी बघून कुत्र्यालासुद्धा कळत होतं की माणूस अजून गाळात आहे.

गव्हर्नरने ते रेडिओवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्यांची रांग घेऊन हजर झाला. मागच्या ट्रकात डिझेलची पिंपं होती. ती बघितली आणि सातुर्निना शेजारणीकडे धावली. ती शेजारणीचा हात धरून म्हणाली, "हाक ऐकली बघ त्येनं. जागा धरली न् लगी डिझेल आलं."

गव्हर्नर उंचापुरा, गोरा, डोळ्यांत पाणी आणता येणारा माणूस. त्याने सातुर्निनाला छातीशी धरलं. फोटो झाले. मग त्याने बाही सारून पेटीच्या एका कोपऱ्याला स्वतः खांदा दिला. पेटी उचलली तशी ती भसकन वर आली. तो क्षणभर चपापला. पण राजकारणात मुरलेला गडी, वाया कशाला जाऊ देतो. पेटी खांद्यावर असतानाच तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "बघा, किती हलका आहे हा माणूस. ह्या मेयरने आपल्या लोकांना असं उपाशी ठेवलंय. मी खांद्यावर त्याची हाडं मोजू शकतो."

मेयरचा चेहरा काळाठिक्कर पडला. पेटी उघडून दाखवली असती तर गव्हर्नर जागच्या जागी उघडा पडला असता, पण सोबत तोही पडला असता. त्याने दात आवळले आणि पेटी बंदच राहू दिली.

मग गव्हर्नरचं भाषण झालं. ते स्पॅनिशमध्ये. गावाची बोली वेगळी, आणि मेयर सोडला तर स्पॅनिश धडपणे कळणारा एकटा सेवेरो, तो वर स्मशानात खड्डा खणत होता. सातुर्निनाला मधले मधले शब्द कळले, मशीन, फाउस्तिनो, आज. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तिनेही वाजवल्या.

पेटी खड्ड्यात ठेवून सगळे खाली येतात तोच पोकलेन धडधडलं. किती दिवसांनी तो आवाज झाला, गावाच्या अंगावर काटा आला. सातुर्निना स्कर्ट आवळून पळत सुटली. ती मशीनच्या पुढे गेली आणि हात हलवत हलवत वाट दाखवायला लागली, इकडून, ह्या बांधावरून, त्या मोडक्या झाडापाशी. झाडाखाली जाऊन ती उभी राहिली आणि पायाने जागा दाबून दाखवली. तिचा चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता.

पोकलेन चौकात वळलं, ट्रकवर चढलं आणि उताराला लागलं. रोलांदोने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने आधी इंजिनियरला सांगून पाहिलं होतं की मी तर कुणालाच काढलेलं नाही. इंजिनियरने त्याला विचारलं होतं की नोकरी नकोशी झालीय का.

सेवेरोने रेडिओवर ते सगळं ऐकलं, हलक्या माणसाचं आणि भाषणही, आणि येऊन सांगितलं तेव्हा तिला कळलं. रुमिपुक्रूतला शेवटचा माणूस सापडला, सरकारने शब्द पाळला, आता मशीन पलीकडच्या खोऱ्यात जाईल, असं ते भाषण होतं.  त्या झाडाखालूनच ती पायी मेयरच्या कचेरीत गेली. मेयरने दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सातुबाई, आत कपडे हायती असं म्या आता म्हनलो, तर लोक म्हंतील मेयरनं रिकाम्या पेटीवर रडून दावलं. माजं राजकारन बुडंल."

"आन् माजा मानूस?"

"त्यो काय आता जिता व्हनार हाय?"

गव्हर्नरच्या कचेरीत तर तिला पायरीवरूनच परत लावलं. तिथला कारकून म्हणाला, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय, नवऱ्याला स्वतः पुरलं तेही आठवत नाही.

मग गावाने पहारी काढल्या. घरटी एक माणूस, ज्याचा दिवस त्याने यायचं, अशी पाळी लावली. गाळ तोवर दगड झाला होता. आधी पाणी ओतायचं, मग पहार मारायची, वीतभर निघालं की पुन्हा पाणी. हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. बटाट्याची काढणी तोंडावर होती तरी कुणी पाळी चुकवली नाही, पण कुरकूर सुरू झाली होती आणि सातुर्निनाला ती ऐकू येत होती. ती स्वतः रोज यायची, पाळी असो नसो. पहार जड झाली की गुडघ्यांवर बसून पळीने खरवडायची.

आधी बैल सापडला. त्याच्या गळ्यातला दोर ताणलेला होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला फाउस्तिनो होता. त्याने दोर सोडला नव्हता. सातुर्निनाने चेहऱ्यावरचा गाळ ओल्या फडक्याने काढला. गाळाने त्याला बऱ्यापैकी राखलं होतं, पण उघड्यावर येताच वास सुटला. ती तिथं पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि रडता रडता त्याला शिव्या दिल्या, की बैलापायी मेलास, बैल तरी सोडायचास.

बाजारच्या दिवशी बातमी खाली गेली. संध्याकाळच्या आत धूळ उडवत एकच गाडी वर आली. तिच्यातून गव्हर्नर उतरला आणि दुसऱ्या दारातून मेयर. जन्मात कधी एका बाकावर न बसलेले दोघं एका गाडीतून आले होते. सोबत ना रेडिओ, ना कॅमेरा, नुसता ड्रायव्हर.

फाउस्तिनोला त्याच्याच गोठ्याच्या, गाळातून काढलेल्या दारावर निजवलं होतं, वर घोंगडी. दोघांनी नाकाला रुमाल लावले. गव्हर्नर हळू आवाजात बोलत होता आणि मेयर ते गावच्या बोलीत सांगत होता. दोघांचं इतकं जुळलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"सातुबाई, फाउस्तिनो तर वर कबरीत हाय. साऱ्या मुलखानं बघितलंय. ह्येला हितंच मूठमाती द्या. कुनी इचारलं तर म्हनायचं, बैल सापडला. गव्हर्नरसायब तुला नवं घर देत्यात, पत्र्याचं."

सातुर्निनाने सेवेरोकडे बघितलं.  सेवेरो पहार घेऊन गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. त्याच्यामागून बाकीचे गेले, पुरुष, बाया, ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन. कुणी आवाज केला नाही. ड्रायव्हरने किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली बघत बसला.

"त्या दिवशी लई हलका लागला न्हवं सायबास्नी?" सातुर्निना म्हणाली. "आज भरलेला हाय. आज उचला."

मेयरने हे गव्हर्नरला सांगायची गरज पडली नाही. गव्हर्नरने लोकांच्या हातांकडे बघितलं, स्मशानाच्या चढाकडे बघितलं आणि रुमाल खिशात घातला. दार उचलायला दोन्ही हात लागतात. पुढे गव्हर्नर आणि मागे मेयर, असे ते निघाले. गाळ भिनलेला माणूस दगडासारखा जड होतो आणि वाट चढाची होती. पाण्याचा ओघळ घोंगडीतून सुटला तो मेयरच्या सदऱ्यावर आला. पहिल्या वळणावर गव्हर्नर ओकला, पण दार त्याने सोडलं नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना गाव चालत होतं.

दुसऱ्या वळणावर दोघांची पुन्हा जुंपली. सेवेरो मागून चालत भावजयीला सांगत होता कोण काय म्हणतंय ते. मेयर म्हणत होता, पुढचा मुद्दाम वर धरतोय, सगळं ओझं माझ्यावर येतंय. गव्हर्नर म्हणत होता, मागचा उचलतच नाही, नुसता हात लावून चाललाय. पेटीची शक्कल कुणाची, आणि पेटी न बघता भाषण ठोकलं कुणी, असं करत करत ते भिंतीवर आले, तिथून डिझेलवर.

वरच्या वळणावर मेयरने दम लागून दार खाली टेकवायला गुडघे वाकवले. सातुर्निना पुढे झाली आणि त्याच्या पाठीला पहारीचं टोक लावलं.

"भांडा, पोटभर भांडा," ती म्हणाली. "पर त्येला खाली ठिवायचं न्हाई."