चौदा मीटरवरची मैफल

दिवसभर लोकांचे कान तपासणाऱ्या बाईला गाणारा नवरा मिळावा, ही दैवाने केलेली चेष्टाच म्हणायची. दवाखान्यातल्या जाड अस्तराच्या बंद खोलीत ती काचेपलीकडच्या पेशंटच्या कानात बारीक ‘पीं’ सोडायची आणि ऐकू आलं की तो बटण दाबायचा. घरी मात्र बटणाची सोय नव्हती. लिफ्ट तपासनीस नवरा दारातच आलाप घेऊन उभा असायचा. आवाज दणदणीत, दम भरपूर, फक्त सुरांशी त्याचं बोलणं बंद होतं. इमारतीतले लोक त्याला ‘बुवा’ म्हणायचे आणि तो बिचारा तो मान समजायचा.

समुद्रात डुबकी मारण्याचा नाद तिला पन्नाशीत लागला, तो एका पेशंटमुळे. कानात दडे बसले म्हणून आलेला तो पाणबुड्या सहज म्हणाला, “खाली काय शांत असतं हो! कुणी बोलूच शकत नाही, तोंडात हवेची नळी असते ना.” तिने यंत्र बाजूला ठेवलं आणि आधी डुबकी शिकवणाऱ्या क्लासचा पत्ता लिहून घेतला.

चार वर्षं तिचे रविवार सुखात गेले. मग बुवा निवृत्त झाले.

“अगं, तू जातेस तरी कुठं एवढी, ते मलाही बघू दे,” म्हणत तेही क्लासला गेले आणि पहिल्या फटक्यात पास झाले. तिने तेही गोड मानून घेतलं. नळी त्यांच्याही तोंडात असणारच होती.

पण पहिल्याच मोठ्या डुबकीच्या सकाळी क्लबच्या ऑफिसात, ओले सूट वाळत टाकलेल्या दोरीखाली बसून, बुवांनी पिशवीतून एक खोकं काढलं. आत पाण्याखाली चालणारा गाण्याचा पट्टा होता.

“डुबताना गाणी?” शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. या बाईंना सगळे ‘कॅप्टन’ म्हणत. “कानात काही घालून खाली गेलात तर पडदा फाटेल.”

“कानात घालायचंच नाही! हे गालाच्या हाडावर बसतं, हाडातून ऐकू येतं.” बुवा बायकोकडे वळले. “सांग की त्यांना. तुझाच विषय आहे.”

विषय तिचाच होता. हाडातून आवाज पोचतो हे ती रोज पेशंटना समजावून सांगत होती. आपलंच शास्त्र असं आपल्यावर उलटेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“पोचतो,” ती म्हणाली. “पण अहो, पाण्यात आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. त्यात तुमची गाणी चालू असली तर कॅप्टननी टाकीवर ठोकून बोलावलेलं तुम्हाला समजायचंही नाही. बोटीचं इंजिन ऐकू यायचं नाही.”

“आणि स्वतःचा श्वास,” कॅप्टन म्हणाल्या. “खाली तोच ऐकायचा असतो.”

क्लबचा मालक एवढा वेळ हिशेबी चेहऱ्याने ऐकत होता. “मला तर कल्पना छान वाटते,” तो म्हणाला. “संगीत डुबकी! बोर्ड लावू या बाहेर. गाणी कोणाची आहेत?”

“माझीच,” बुवा नम्रपणे म्हणाले. “बेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे.”

तिने दोरीवरून सूटची टोपी काढली आणि तिथेच कानांवर ओढली.

कॅप्टननी हरकत घेतली, मालकाने ती मोडून काढली आणि बोट निघाली.

चौदा मीटरवर पाणी निवळशंख होतं. खडकाशी चोच लावून पोपटमासे कुरुम कुरुम चरत होते. त्यांचं ते खाणं ऐकायला ती इथवर यायची. पण आज तिची नजर बुवांवरून हलेना. बुवा तल्लीन झाले होते. नळीतून बुडबुड्यांचे लोटच्या लोट निघत होते, म्हणजे नुसतं ऐकणं चाललं नव्हतं, स्वतःलाच साथ देणंही चाललं होतं. आणि हात! घरी जसे फिरत तसेच इथेही फिरत होते.

आता पाण्याखाली हातांनाच भाषा असते. एका जागेवर बुवांनी स्वतःला दाद दिली, अंगठा वर केला. त्याचा अर्थ ‘वर चला’. कॅप्टन झपाट्याने पोहत आल्या, तर बुवा त्यांच्याकडे बघून मान डोलावतायत. पुढच्या तानेला त्यांनी तळहात गळ्यापुढून सपकन फिरवला. त्याचा अर्थ ‘हवा संपली’. कॅप्टन पुन्हा आल्या, काटा पाहिला, हवा होती. तिसऱ्या वेळी त्यांनी टाकीवर ठणाठण ठोकलं. बुवांनी त्या ठोक्यावर सम पकडली.

चौथ्यांदा हात गळ्यापुढून फिरला, तेव्हा कॅप्टन दुसऱ्या जोडीकडे वळल्या होत्या. त्यांनी एकदा मागे पाहिलं आणि मान फिरवली. तेही स्वाभाविकच होतं.

पण ती थबकली. तीस वर्षं तिने हे गाणं सोसलं होतं. कुठल्या तानेला कुठला हात जातो हे तिला तोंडपाठ होतं. हा हात गाण्यातला नव्हता. हा बेताल होता आणि बुडबुडे थांबले होते.

दोन पाय मारून ती त्यांच्यापाशी पोचली. काचेआड बुवांचे डोळे भोकरासारखे झाले होते. तिने आपली जादा नळी त्यांच्या तोंडात कोंबली, खांद्याचा पट्टा घट्ट धरला आणि ‘हळू, हळू’ असा हात केला. बुवांनी हपापून श्वास घेतला. मग दुसरा. त्यांचा काटा शून्यावर टेकला होता. बेचाळीस मिनिटांच्या मैफलीची हवा त्यांनी एकोणीस मिनिटांत गाऊन संपवली होती.

एव्हाना कॅप्टनही पोचल्या होत्या. तिघं सावकाश वर निघाली. शरीराला दाब उतरण्याची सवय व्हावी म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं. बुवा सारखे वर निसटू पाहत होते, म्हणून तिने त्यांना जवळ ओढलं. डोक्याला डोकं टेकलं आणि पट्ट्यावरचं गाणं त्यांच्या हाडातून तिच्या हाडात सुरू झालं. तिसरा अंतरा, नेहमीच्याच जागी घसरलेला. आयुष्यात तिने बरीच तीन मिनिटं मोजली होती, इतकी लांब नव्हती. पण तिने डोकं काढून घेतलं नाही.

बोटीवर चढल्यावर बुवा गुणगुणलेसुद्धा नाहीत. तीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. मालकाने टॉवेल दिला आणि हळूच विचारलं, “पण अनुभव कसा होता?”

“तुम्ही बोर्ड लावा,” कॅप्टन म्हणाल्या. “मी नोकरी सोडते.”

बोर्ड लागला नाही. बुवांनी पट्टा खोक्यात घातला आणि पुन्हा पाण्यात उतरायचं नाही असं ठरवलं. पण बायकोला एकटं सोडवेना, म्हणून ते दर रविवारी बोटीवर येऊ लागले. सगळे खाली गेले की टपावर बसून मोकळ्या आवाजात गायचे. महिन्याभरात मालकाच्या ध्यानात आलं, की आता कोणीच वेळेआधी वर येत नाही. नवखी माणसंसुद्धा हवा जपून जपून वापरतात आणि शेवटच्या मिनिटापर्यंत खाली राहतात. त्याने बुवांना चहा फुकट केला.

एका रविवारी ती शिडीवरून वर चढत होती, तर बुवा हात द्यायला वाकले.

“काय गं, खाली ऐकू येतं का काही?”

खाली काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यांच्या उत्सुक चेहऱ्याकडे पाहिलं.

“थोडंसं,” ती म्हणाली.

बुवांचा चेहरा उजळला. “मग पुढच्या वेळी जरा मोठ्यानं गातो.”

शिडीवर तिच्या मागोमाग चढणाऱ्या कॅप्टन तशाच पुन्हा पाण्यात उतरल्या.