बाईंचा गुडघा

पेणला सरोजिनीबाईंच्या आळीत हल्ली कुणी ‘हळू हळू’ म्हणत नाही, ‘पोले पोले’ म्हणतं. ही झांझिबारची भाषा, आणि ती शिकवली तिकडच्या गुडघेदुखीच्या पेशंटांनी. आळीच्या तोंडाशी डॉक्टर यज्ञेशचं हाडांचं हॉस्पिटल झालं, त्याच्या हाताला गुण असल्याचं समुद्रापार कळलं, आणि माणसं विमानानं येऊ लागली. सांधा बदलून घ्यायचा आणि बरं वाटेपर्यंत आळीतच राहायचं. खानावळवाल्या शिल्पानं कालवणातलं तिखट निम्म्यावर आणलं. धोंडीनं रिक्षाला मऊ गादी करून घेतली. खड्डा आला की तो स्वतःच ‘पोले पोले’ ओरडतो, ब्रेक मात्र लावत नाही. पोह्याच्या पापडांचं तर विचारूच नका, प्रत्येक पेशंटाच्या बॅगेत निम्मे कपडे आणि निम्मे पापड!

शाळेतून निवृत्त झालेल्या सरोजिनीबाईंनीही खालच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. पेशंटाला जिना नको, म्हणून आपण नवऱ्यासह वर राहायला गेल्या. आता गंमत बघा. बाईंचा स्वतःचा गुडघा पार कामातून गेलेला. म्हणजे नवा गुडघा घेतलेली पाहुणी खाली सपाट फरशीवर, आणि जुना गुडघा घेऊन बाई जिन्यात, कठड्याला धरून, खेकड्यासारख्या आडव्या.

“अगं, जग येतंय त्याच्याकडे,” नवरा, गोपाळराव, म्हणायचे. “तुला चार पावलं जाववत नाही?”

“मी मुंबईला नंबर लावलाय. दिवाळीनंतर बोलावलंय.”

“पिकतं तिथं विकत नाही, ते असं!”

दिवाळीनंतर म्हणजे पालखी हुकणार, हे बाईंनाही कळत होतं. त्यांचं माहेर रोह्याचं. दसरा झाला की धावीर महाराजांची पालखी दारोदार येते, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी ओवाळायला माहेरी धावतात. गेल्या वर्षी भावाच्या घराच्या पायऱ्या उतरेपर्यंत पालखी शेजारच्या दारी गेली होती. तबक हातात, निरांजन तेवतंय आणि समोर लोकांच्या पाठी. बाई तिथेच रडल्या. धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं, पण भावजय काय दुधखुळी नव्हती.

त्या उन्हाळ्यात खाली झुवेना नावाची पाहुणी होती. धिप्पाड, हसरी, हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेली. नव्या गुडघ्यानं अंगणात फेऱ्या मारताना तिनं बाईंना जिना उतरताना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

“सरोजिनी, तुम क्यों नहीं? डॉक्टर सामने है! डरती हो?”

“डरते माझी चप्पल!” बाई फणकारल्या. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “वो मेरा विद्यार्थी था. चौथी में. कात्री से एक सीधी लाइन नहीं काटता था. पूरे साल! उसको मैं गुडघा दूँ?”

झुवेना इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीला गेल्यावर तिनं ते डॉक्टरांना सांगून टाकलं.

संध्याकाळी यज्ञेश दारात हजर. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र नमस्कार करून मांडी घालून खाली बसला.

“बाई, कात्री द्या. आणि पेपर.”

उजव्या हातात कात्री धरून त्यानं पेपर कापला. रेघ अशी वाकडी, की बाईंच्या तोंडून सवयीनं “श्शी!” निघालं. यज्ञेश हसला. मग खिशातून स्वतःची कात्री काढली, ती डाव्या हातात धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पेपर सर्रकन कापला. रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

“मी डावरा आहे, बाई. ही कात्रीही डावखुऱ्यांचीच. तुम्ही म्हणायचात, उजव्या हातानं काप.”

बाईंना आठवलं. डावा हात पाठीमागे लपवून बाकावर रडवेला बसलेला पोरगा. त्यांना फार, फार वाईट वाटलं.

“अरे, मग बोलला का नाहीस?”

“तुमच्यासमोर? कुणाची छाती होती, बाई?”

गोपाळराव फिस्सकन हसले, बाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारले, आणि मग स्वतःच डोळे पुसत हसायला लागल्या. “मी पालखीला पायऱ्या उतरेन?”

“उतराल. पण रोज व्यायाम. आणि पोले पोले.”

दसऱ्यानंतर रोह्याला वाजतगाजत पालखी भावाच्या दारी आली तेव्हा बाई नव्या गुडघ्यानं पायऱ्या उतरून आधीच रांगोळीशी उभ्या होत्या. फोनच्या पडद्यावर झांझिबारहून झुवेना ओरडत होती आणि रिक्षा घेऊन आलेला धोंडी तिला “व्हय गो, दिसताय ना?” विचारत होता. बाईंनी ओवाळलं. मन भरेपर्यंत ओवाळलं.

पायरीवर काही दगाफटका नको म्हणून यज्ञेश बाजूलाच उभा होता. बाई प्रसाद घेऊन वळल्या. त्यानं शहाण्या पोरासारखा उजवा हात पुढे केला.

“तो नको, दुसरा,” बाई म्हणाल्या.

“बाई, प्रसाद आहे. डाव्या हातात?”

“त्याच हातानं उभी केलीस ना मला? दे इकडे. देवाचं मी बघते.”