निळ्या पानाचा डबा

मी एक जुना, रिकामा झालेला रंगाचा डबा आहे. रिकामा म्हटलं की लोकांना वाटतं, संपला. मित्रांनो, माझं तर रिकामं झाल्यावरच सुरू झालं.

जन्म कारखान्यातला. गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं, थंड झालं, आणि मी बाहेर पडलो. माझ्यामागोमाग त्याच साच्यातून माझा भाऊ आला. दोघंही पांढरे, गोल, तारेच्या कडीचे, आणि कडीला मधोमध हात धरायला प्लॅस्टिकची नळी. पोटात वीस लिटर पांढरा रंग आणि डोक्यावर घट्ट झाकण. आमच्या आईनेही आम्हाला वेगवेगळं ओळखलं नसतं, आई असती तर.

आम्हाला विकत घेतलं एका पेंटरने. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस तो. अख्खी बाजारपेठ त्याच्या अक्षरांनी बोलायची. न्हाव्याची पाटी, घड्याळवाल्याची पाटी, दाताच्या डॉक्टरची पाटी. प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगी बसावी तेवढ्या जागेत, त्याची सही. मात्र छापील फलक आले आणि त्याचा ब्रश हळूहळू वाळला. आमच्यातला रंग त्याच्या शेवटच्या कामाला गेला, एका शिवणक्लासच्या भिंतीला. काम झालं, तेव्हा त्याने आम्हा दोघांना सायकलच्या दोन्ही बाजूंना अडकवलं आणि घरी आणलं. फेकायचं त्याच्या जिवावर आलं असावं. आम्ही त्याचे शेवटचे सोबती होतो ना.

घरात पेंटरला सगळे आबा म्हणत. आबांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. सून एका दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. आणि नात होती आठ वर्षांची, एका जागी न बसणारी, म्हणून तिचं नाव भिंगरी.

धुलाईघरात सुनेच्या डोळ्यांसमोर दिवसभर पाणी वाहून जायचं. घरी आल्यावर मात्र नळ नुसता टपकला तरी ती धावत जाऊन तो घट्ट करायची. आमच्या घरी पाणी दिवसाआड यायचं, तेही आपल्या लहरीने. तिने आम्हा दोघांना कोपऱ्यातून ओढलं, राखेने घासून घासून आमचा रंगाचा वास घालवला, आणि घराला एक गाणं शिकवलं. चालही तिचीच.

*पहिलं पाणी पोटाला,*
*दुसरं पाणी पानाला,*
*तिसरं पाणी पायरीला.*

म्हणजे असं, की पहिलं पाणी प्यायचं आणि शिजवायचं. तांदूळ धुतले, भाजी धुतली, फळं धुतली, की ते झालं दुसरं पाणी. ते माझ्यात. ते झाडाला. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी हे तिसरं. ते माझ्या भावात. त्याने पायऱ्या धुवायच्या, अंगण धुवायचं, संडासात ओतायचं. आम्ही दिसायला एकसारखे, म्हणून तिने आपल्या जुन्या ओढणीची हिरवी चिंधी माझ्या कडीला बांधली आणि नवऱ्याच्या कामाच्या निळ्या सदऱ्याची चिंधी भावाच्या कडीला. हिरवा पानाचा, निळा पायरीचा. संध्याकाळी दोघंही भरून मागच्या दाराशी शेजारी शेजारी उभे.

मला काय वाटलं म्हणून सांगू? आयुष्यभर मी दुसऱ्याचा रंग पोटात घेऊन फिरलो होतो. आता पोटात पाणी होतं, आणि ते कुणाच्या तरी मुळाशी जाणार होतं.

सुनेच्या सवयी आणखीही होत्या. ऊन असेपर्यंत दिवा लावायचा नाही. बाजाराला जाताना पिशवी घरातूनच न्यायची. फळांच्या साली खड्ड्यात, फाटक्या बनियनचं फडकं, फडक्याचं पायपुसणं. मुलगा हसत म्हणायचा, "या घरात वस्तूला सुटका नाही, सुटका फक्त माणसाची आहे. तीही अजून झालेली नाही."

आबा मात्र पुढे पुढे कुरकुरू लागले. पाण्याबद्दल नाही, दिव्याबद्दल. तुझ्या काटकसरीने घर अंधारलंय, असं ते उठता बसता म्हणत. सून दिवा लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भरदुपारी, खिडकीत ऊन पाय पसरून बसलेलं असताना, आबा म्हणायचे, अंधार आहे. हे बोलणं जरा लक्षात ठेवा, मित्रांनो. घरात कुणीच ठेवलं नाही.

मागच्या अंगणात एक लिंबाचं झाड होतं. आबांच्या बायकोने लावलेलं. ती गेली तेव्हा झाड गुडघ्याएवढं होतं, आता आबांच्या डोक्यावरून गेलं होतं. त्याला पाणी घालायचा मान आबांचा. रोज सकाळी ते मागच्या दाराशी यायचे, हिरव्या चिंधीचा डबा उचलायचे, झाडापाशी बसून थोडं थोडं पाणी सोडायचे आणि झाडाशी काहीबाही बोलायचे. मग निळ्या चिंधीच्या डब्याने पायऱ्या. दोन वर्षं हे गाण्यासारखं चाललं. लिंबं एवढी लागायची, की भिंगरी शेजारीपाजारी वाटून यायची.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी आबांचा हात माझ्या कडीवरून गेला आणि भावाच्या कडीवर थांबला. त्यांनी भावाला उचललं. मला वाटलं, आज आधी पायऱ्या. पण ते वळले झाडाकडे.

मी ओरडलो असतो, पण डब्याला तोंड मोठं असतं, आवाज नसतो. रात्रभरात फेस विरून गेला होता. वासाचं म्हणाल, तर चाळीस वर्षं टर्पेंटाइन हुंगलेल्या त्या नाकाला साबण काय आणि गुलाब काय. माझं तांदळाचं गोडसर पाणी त्या दिवशी पायऱ्यांवरून वाहून गेलं. मुंग्यांनी तेवढं कौतुक केलं.

असं रोज होत नसे. कधी मी झाडाकडे, कधी भाऊ. पण महिन्याभरात झाडाची पानं कडेने करपली, मग पिवळी पडली, मग गळू लागली. फुलं तर धरलीच नाहीत. आबा खोडावरून हात फिरवत बसायचे. जेवणावरची वासना गेली त्यांची.

एके दिवशी त्यांनी झाडाखालची माती उचलून सुनेपुढे धरली. मातीवर पांढरट पापुद्रा होता.

"हे तुझं दुसरं पाणी," ते म्हणाले. "तुझ्या सासूने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं हे झाड."

मुलगा मध्ये पडायला गेला, तर सुनेने नजरेनेच त्याला गप्प केलं. नंतर ती मोरीपाशी बसून पुन्हा पुन्हा आठवत राहिली. भांड्याला साबण राहिला होता का? घाईत आपण धुण्याचं पाणी चुकीच्या डब्यात ओतलं का? धुलाईघरातून दमून आल्यावर आपलं लक्ष असतं कुठे? जी चूक तिने केलीच नव्हती, ती ती स्वतःच्या पदरात शोधत होती. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. सगळं पाहिलेला, आणि मुका.

तिने आमच्या कड्यांच्या चिंध्या सोडल्या आणि आम्हा दोघांना उपडं करून चिंध्यांसकट जिन्याखाली सरकवलं. ते गाणंही थांबलं. आबा झाडाला नळाचं पाणी घालू लागले, नळी लावून. मित्रांनो, जिन्याखालचं ते दुर्लक्ष मला लागलं नाही असं नाही. कोळ्याने माझ्या कडीत जाळं विणलं. पण त्याहून लागलं ते वेगळंच. दीड महिन्याने झाडाला एक कोवळा फुटवा आला, आणि आबा अंगणातून म्हणाले, बघा, नळाच्या पाण्याने जीव धरला. सुनेने मान हलवली. खोट्याला असा खरा पुरावा मिळाला, की खऱ्याने तोंड कुठे उघडायचं?

मला बाहेर काढलं भिंगरीने. शाळेत टाकाऊतून टिकाऊ वस्तू करून न्यायची होती. तिने मला धुतलं, जाळ्यातल्या कोळ्याला रीतसर दुसरी जागा दिली, आणि आबांपुढे ठेवलं. म्हणाली, यात मी रोप लावणार आहे, तू यावर लिंबाचं पान काढून दे.

आबांनी किती दिवसांनी ब्रश हातात घेतला होता! ट्रंकेतून दोन छोट्या डब्या निघाल्या. वरची चिठ्ठी कधीच उडालेली. पण आबांना चिठ्ठी कशाला हवी? ते डबी उघडून बघायचे आणि रंग सांगायचे. त्यांनी एक डबी उघडली, काडीने ढवळली, आणि माझ्या पोटावर पान काढलं. काय हात तो! एका दमात कड, मधली शीर, देठाचा हलकासा बाक. वारा आला तर हलेल असं पान.

भिंगरी खुदकन हसली. "आबा, पान निळं का काढलंस?"

आबांचा ब्रश हवेत राहिला. त्यांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले, मला उचलून खिडकीत नेलं, उन्हात धरलं. मला खाली ठेवून ते स्वतःही खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "जिन्याखालच्या त्या दोन चिंध्या आण बरं."

भिंगरीने त्या त्यांच्यापुढे ठेवल्या. धुऊन वापरून विटलेल्या, एक ओढणीची, एक सदऱ्याची.

"यातली हिरवी कुठली, मी सांगतो," आबा म्हणाले, आणि त्यांनी सदऱ्याची चिंधी उचलली.

भिंगरी या वेळी हसली नाही. पोरंटोरंसुद्धा कधी कधी ओळखतात.

आबा त्या चिंध्या मांडीवर घेऊन बसले. ज्याने जन्मभर बाजाराला रंग दाखवले, त्याला आपल्या दारातला हिरवा कुठला ते कळत नव्हतं. हे कुणाला सांगायचं? सांगितलं, तर पेंटर म्हणून उरलंसुरलं तेही गेलं. नाही सांगितलं, तर कुणाला कळणार होतं? झाड तर जगलंच होतं. सुनेने तर मान हलवलीच होती. मी त्यांच्या पायाशी होतो, ओल्या निळ्या पानासकट. माझा जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी सून कामावरून आली. पायातल्या चपला काढते न काढते तोच आबा दारात उभे राहिले. एका हातात मी, दुसऱ्या हातात चिंध्या.

"सूनबाई, झाड तू नाही जाळलंस. मी जाळलं," ते म्हणाले. "मला हिरवा आणि निळा कळत नाही आता. घरात अंधार नव्हता. तो माझ्या डोळ्यांत होता, आणि मी तुझ्या माथी मारत होतो."

डोळे भरून आले सुनेचे, पण तिने पहिल्यांदा काय केलं, तर पाण्याचा तांब्या आणला आणि आबांच्या हातात दिला. मग म्हणाली, "आबा, तुम्ही एवढे दिवस असं धुक्यात वावरताय, आणि आमच्या कुणाच्या लक्षात येऊ नये? मी तर रोज दिवा लावून मोकळी व्हायचे."

"तू कशाला वाईट वाटून घेतेस? तुझ्यावर आळ घेतला मी."

"घेतलात तो परत घेतलात. किती जण घेतात?"

मुलगा मागून म्हणाला, आमच्या लिफ्टचा दिवा गेला तर लोक पाच मिनिटांत फोन करतात, आणि आपल्या घरातल्या माणसाचे दोन दिवे मंदावले तर वर्षभर पत्ता नाही. हसवायला म्हणून बोलला, पण हसलं कुणी नाही. त्याच आठवड्यात त्याने आबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. पिकलेला. ऑपरेशनची तारीख मिळाली.

तोवर सुनेने आम्हाला पुन्हा मागच्या दाराशी आणलं. या वेळी रंग नको म्हणाली. माझ्या कडीला चिंधीची एक गाठ, भावाच्या कडीला दोन. बोटांना कळेल अशा. झाडाच्या मुळाशी तिने आधी स्वच्छ पाणी भरपूर सोडलं, साबणाचा उरला अंश खाली जाऊ दे म्हणून, आणि मगच दुसरं पाणी सुरू केलं. भिंगरीने शाळेत आपला फाटका बूट नेला, त्यात मोहरी पेरून. मला नेलं नाही. कामावरच्या माणसाला असं उचलून नेत नाहीत, असं तिने बाईंना सांगितलं म्हणे.

आबांच्या एका डोळ्याची पट्टी निघाली, त्या दिवशी ते घरभर हिंडले. ही भिंत इतकी पांढरी होती? ही चादर पिवळी? मग सुनेकडे बघून म्हणाले, "तुझे केस पांढरे व्हायला लागलेत की. कधीपासून?"

"तुम्ही घर अंधारलंय म्हणायला लागलात, तेव्हापासून," सून म्हणाली.

या वेळी सगळे हसले. सर्वांत मोठ्याने आबा.

मग ते माझ्यापाशी येऊन बसले आणि त्यांनी निळं पान नीट पाहिलं. भिंगरी हिरव्या रंगाची डबी घेऊन धावत आली, आता दुरुस्त कर म्हणून. आबांनी मान हलवली. म्हणाले, "राहू दे. आजवर पाट्यांवर सही केली, ती बरोबर आलेल्या कामाखाली केली. ही एक सही चुकलेल्या कामाची."

म्हणून ते पान अजून माझ्या पोटावर आहे, निळंच. उन्हाने जरा फिकं झालंय. माझी कड एका जागी तडकलीय, तिथे मुलाने डांबर लावलंय. मला तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही कुठे जिन्याखाली, माळ्यावर माझा एखादा भाऊ उपडा पडला असेल. त्याला सरळ करा. त्याच्यात दुसरं पाणी ओता आणि एखाद्या झाडाशी त्याची ओळख करून द्या. आणि घरातलं कुणी वारंवार अंधार आहे म्हणालं, तर नुसता दिवा लावून मोकळे होऊ नका. जवळ बसून त्याच्या डोळ्यांत बघा.

परवा झाडाला लिंबं धरली. पहिलं लिंबू आबांनी स्वतः तोडलं, रंग बघून, आणि सुनेच्या हातात दिलं. तिने सरबत केलं, चौघांनी प्यायलं. मग तिने पेले विसळले आणि ते पाणी माझ्यात ओतलं, गाणं गुणगुणत. त्या दिवशी माझ्यातलं दुसरं पाणी जरासं आंबट होतं, जरासं गोड. सकाळी ते ज्याचं त्याला परत मिळालं.