कागदावरच्या आंधळ्या सासूबाई

कराचं विवरणपत्र भरताना आपल्यापैकी कितीजण ते स्वतः वाचतात? सिस्टरही वाचत नसे. दवाखान्यात औषधाच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचणारी ही परिचारिका घरी मात्र दादा बोट ठेवेल तिथे सही करून मोकळी होई. दादा तिचा सख्खा भाऊ, आणि लोकांची विवरणपत्रं भरून देणं हाच त्याचा धंदा. "आपण भरू गं, घरचंच काम," तो म्हणायचा. जास्तीचा कर परत आला की त्यातला वाटा तेवढा घ्यायचा.

यंदा परताव्याऐवजी नोटीस आली. घरातल्या अंध व्यक्तीसाठी घेतलेल्या सवलतीचा पुरावा मागितला होता.

"अंध कोण आपल्याकडे?" सुईत दोरा ओवता ओवता सासूबाईंनी विचारलं.

सिस्टरने पुढची ओळ वाचली. "तुम्ही, आई."

"बरं झालं सांगितलंस," सासूबाई म्हणाल्या. "मला दिसलंच नसतं."

सिस्टर तडक दादाच्या ऑफिसात गेली. त्याने आधी दार लावून घेतलं.

"घाबरतेस काय? तुमच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आहेत ना? त्यांच्याकडून दाखला काढ."

"खोटा दाखला? दादा, माझी नोकरी जाईल."

"मग तुझं तू बघ. सही तुझी आहे. माझं नाव त्यात कुठेच नाही."

इतकी वर्षं 'आपण' म्हणणारा दादा एका क्षणात 'तुझं तू'वर आला! सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता.

घरी येऊन ती ढसाढसा रडली. "डोळे झाकून विश्वास ठेवला हो, आई."

"म्हणजे आंधळी मी नव्हते," सासूबाई म्हणाल्या. मग तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. "माणसावर विश्वास ठेवावा, पण कागद वाचावा. आता जाऊन खरं काय ते सांग."

"दादाचं नाव घेतलं तर माहेर तुटेल."

"नाही घेतलंस तर उद्या तो आणखी कुणाच्या तरी धडधाकट सासूला आंधळी करेल. आणि माहेर तू तोडत नाहीयेस, बाळ."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सिस्टर कर कार्यालयात गेली. चूक कबूल केली, सुधारित विवरणपत्र भरलं, दंड मान्य केला. खोटा दाखला टळला, नोकरी वाचली.

"हे कुणी भरून दिलं होतं?" अधिकारी बाईंनी विचारलं. तिने नाव सांगितलं.

"तुमचे कोण?"

"सख्खा भाऊ," ती म्हणाली.

तेव्हा मंडळी, परताव्यात वाटा मागणारा, न वाचता सही करायला लावणारा, स्वतःचं नाव घालायला कचरणारा माणूस कितीही जवळचा असो, आपले कागद त्याच्या हाती देऊ नका. भरणारा कुणीही असला तरी निस्तरायचं आपल्यालाच असतं.

सिस्टर आता ओळ न् ओळ वाचते. दादाचा मात्र फोन आलेला नाही. इतकं होऊनही आपण त्याच्या फोनची वाट पाहतो, हेच तिला सगळ्यात जास्त लागतं.