दहावा श्वास

जेवणं आटोपली की ती चमचे मोजायची. मग कप, मग ताटल्या, मग दोरीवरचे चिमटे. नवरा सोफ्यांना आणि खुर्च्यांना गाद्या शिवणारा माणूस, थट्टा केल्याशिवाय त्याचा घास खाली उतरत नसे. तो म्हणाला, घरात आता फक्त माझीच हजेरी घ्यायची राहिली आहे, उद्यापासून 'हजर' म्हणत जाईन. त्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी तिने चमचे तीनदा मोजले, आणि त्यानंतर त्याने थट्टा बंद केली.

झोप उडाली होती. हात धुवून धुवून बोटांची सालटं निघाली होती. हॉस्पिटलातल्याच एका डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि 'ताण' असं सांगितलं. ताण हा शब्द मोठा सोयीचा असतो. त्यात काय वाटेल ते कोंबावं आणि वरून चेन ओढून घ्यावी. तिच्या बाबतीत त्या शब्दाच्या आत काय आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आत गॉझचा एक चौकोनी तुकडा होता.

हॉस्पिटलात तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. बावीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती. तिथल्या सिस्टरांचा एक नियम असतो आणि तो कुणालाही माफ नसतो. रक्त टिपायला जितके गॉझ पोटात गेले, तितकेच बाहेर आले पाहिजेत. पोट उघडण्याआधी मोजायचे, शिवण्याआधी मोजायचे, शिवून झाल्यावर परत मोजायचे; दोघींनी मिळून आणि मोठ्याने. बावीस वर्षांत तिची गणती एकदाही चुकली नव्हती. एखादी गोष्ट अगदी खात्रीची असली की हॉस्पिटलातली माणसं म्हणत, 'मोठ्या सिस्टरांनी मोजलंय.'

पंधरा दिवसांपूर्वी पुस्तकं बांधणाऱ्या एका माणसाचं पोटाचं ऑपरेशन झालं. दिवसातलं चौथं. फळ्यावर तीसचा आकडा लिहिलेला होता. ती टेबलापाशी होती आणि खाली पसरलेल्या कापडावर वापरलेल्या गॉझच्या पाच-पाचच्या रांगा लावत होती नवी सिस्टर. नवी म्हणजे थिएटरला नवी. एरवी लहान मुलांच्या वॉर्डात दहा वर्षं काढलेली, दोन लेकरांची आई. शेवटच्या रांगेत चारच तुकडे होते.

'मोठ्या सिस्टर, एकोणतीस,' नवी हळूच म्हणाली.

सर्जन सुईत दोरा घेऊन उभे होते. झालं का, असं त्यांनी विचारलं, तेही वर न बघता. तिने वापरलेले गॉझ टाकायच्या बादलीत डोकावलं. तळाशी काहीतरी पांढरं चिकटलेलं दिसलं. तोच असणार. आपली गणती थोडीच चुकणार?

'तीस. बरोबर आहे, सर.'

शिवून झाल्यावरच्या गणतीला नवीने एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि 'तीस' म्हणाली. बादली सफाईला गेली. तळाशी काय चिकटलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

कदाचित तो तिसावा असेलही. याच 'कदाचित'वर तिने दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी तो माणूस टाके काढायला आला. पोटात डाव्या बाजूला जड जड वाटतं, असं तो सर्जनना सांगत होता आणि सर्जन त्याला 'होतं असं थोडे दिवस' म्हणून समजावत होते. ती दाराशी उभी होती. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसापासून घरात चमच्यांची मोजणी सुरू झाली.

तिची नणंद ग्रंथालयात कामाला. दुसऱ्याच्या आयुष्याची धूळ झटकायला तिला फार आवडे. ती म्हणाली, वहिनी, गोळ्या घेऊन झोपशील पण उठशील तेव्हा तशीच उठशील, त्यापेक्षा माझ्याबरोबर ध्यानाला चल, मन शांत होतं. मोठ्या सिस्टरांनी आढेवेढे घेतले. पण नणंदेपुढे कुणाचं चाललंय? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत जिना चढून गेल्या.

खोलीत दहा-बारा माणसं सतरंजीवर बसली होती. शिकवणारे गृहस्थ शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना कवायत सर म्हणत. चेहऱ्यावर ज्ञानी माणसाचं तेज वगैरे काही नव्हतं. गुडघे दुखत म्हणून ते स्वतः खुर्चीवर बसत. त्यांनी सांगितलेली कवायत सोपी होती. डोळे मिटायचे. श्वास आत, श्वास बाहेर, की एक. असं दहापर्यंत मोजायचं आणि परत एकवर यायचं. मध्येच मन भरकटून गणती चुकली, तर स्वतःला शिव्या न देता पुन्हा एकपासून सुरुवात करायची.

अर्ध्या तासाने त्यांनी कुणाची गणती किती वेळा चुकली ते विचारलं. नणंद म्हणाली, मला पाचच्या पुढे जाताच आलं नाही, सहाला पाण्याच्या पंपाचं बिल आठवलं. एकाची वीसदा चुकली होती. सगळे हसत होते. मोठ्या सिस्टरांनी सांगितलं, एकदाही नाही.

'एकदाही नाही?' सरांनी चष्मा पुसत विचारलं. 'अर्ध्या तासात?'

'माझं कामच मोजण्याचं आहे. आमच्याकडे चुकून चालत नाही.'

'आणि चुकलंच तर काय करता?'

हे तर ती झोपेतही सांगू शकली असती. नव्या सिस्टरांना हाच धडा ती पहिल्या दिवशी द्यायची. 'सगळे थांबतात,' ती म्हणाली. 'सर्जनसुद्धा. पुन्हा एकपासून मोजतो. नाहीच जुळलं तर तिथल्या तिथे एक्स-रे काढतो. गॉझमध्ये एक धागा असतो, तो एक्स-रेत दिसतो. सापडेपर्यंत शिवत नाही.'

'छान आहे की,' सर म्हणाले. 'इथेही तेच.'

त्यांना काय ठाऊक! ते पुढच्या माणसाकडे वळले. तिचे मात्र कान तापले.

तरी ती रोज जात राहिली. हात धुणं थोडं कमी झालं, दुपारी तासभर डोळा लागू लागला. नणंद कॉलर ताठ करून फिरू लागली. नवऱ्याने एकदा चाचपडत 'हजर' म्हणून पाहिलं आणि तिला हसू आलं. घरातल्यांना वाटलं, गाडी रुळावर आली. तिलाही वाटलं. श्वास मोजायचे, मन निवायचं, कामावर जायचं. नवी सिस्टर तिच्या नजरेला नजर देत नव्हती, तेवढं सोडलं तर सगळं ठीक होतं. जे झालं ते झालं, त्या माणसाला काही झालं असतं तर तो एव्हाना परत आला असता, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. शांतपणाचा असाही उपयोग करता येतो.

नवव्या दिवशी ती बसली होती. खाली दुकानाचं शटर वर गेलं. सात. आठ. नऊ. दहा. एक...

ती अडखळली. काहीतरी राहिलं होतं. नऊ म्हटलं तेव्हा श्वास बाहेर गेला होता. दहा म्हटलं तेव्हा छाती हललीच नव्हती. दहावा श्वास तिने घेतलाच नव्हता. आकडा तेवढा पुढे गेला होता, सवयीने, अगदी बिनदिक्कत. म्हणजे रोज हेच होत असणार. आपण श्वास मोजतच नाही आहोत, आपण नुसते आकडे म्हणतो आहोत. दहा व्हायला हवेत म्हणून दहा. तीस व्हायला हवेत म्हणून तीस.

बादलीच्या तळाशी गॉझ नव्हता. तिला ते आत्ता कळलं नाही. तिला ते तेव्हाच, डोकावतानाच कळलं होतं. तिथे गुंडाळलेला कागद होता, गॉझच्या पाकिटाचा. इतके दिवस ती त्याला 'काहीतरी पांढरं' म्हणत आली होती.

ती उठली. नणंदेने एक डोळा उघडून पाहिलं. जिना उतरताना तिने पायऱ्या मोजल्या नाहीत.

ती तडक हॉस्पिटलात गेली. मेट्रनबाई चहा घेत होत्या. सर्जनही तिथेच आले. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: एकोणतीस होते, नवीने वेळेवर सांगितलं होतं, मी तीस म्हटलं. मेट्रनबाईंनी कप खाली ठेवला. सर्जनांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, चोवीस दिवस झाले, ताप नाही, पू नाही, तुमची प्रकृती सध्या बरी नसते हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच शंकेपायी त्या माणसाला घाबरवायचं का. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शब्द कुणी उच्चारले नाहीत. पण खोलीत ते चहाच्या वाफेसारखे तरंगत होते.

'शंका नाही, सर,' ती म्हणाली. 'तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. एक्स-रे तुम्ही सांगणार नसाल तर मी त्यांच्या घरी जाते.'

एक्स-रे दुपारी काढला. डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, तो धागा दिसला. लहान मुलाने पेन्सिलीने गिरगटावं तसा वेडावाकडा. सर्जनांनी फोटो उजेडासमोर धरला आणि खुर्चीत बसले. आणखी महिनाभराने त्याने आतडं कुजवलं असतं, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऑपरेशन ठरलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत मोठ्या सिस्टरांना थिएटरचं दार बंद झालं होतं. ती साध्या कपड्यांत आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. बाकावर त्या माणसाची बायको होती. आत गॉझ राहिलाय इतकं तिला सांगितलं होतं. कुणाच्या चुकीने, ते सांगितलं नव्हतं. मांडीवर नवऱ्याचा शर्ट, बाहीवर वाळलेल्या डिंकाचा डाग. ती त्या डिंकावर नख घासत होती.

'तुमचंही कुणी आत आहे का?' तिने विचारलं.

नाही म्हणून उठून जाता आलं असतं.

'त्या दिवशी गॉझ मोजणारी मीच होते,' ती म्हणाली. 'एक कमी होता. मला कळलं होतं. तरी मी बरोबर आहे म्हटलं.'

बायकोचं नख थांबलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, 'आज कोण मोजतंय?'

'त्या दिवशी जिने एक कमी आहे म्हणून सांगितलं, ती.'

'आणि आजही कुणी तिला गप्प केलं तर?'

नवी सिस्टर तेव्हा गप्प बसली होती, आणि ते तिला शिकवणारी इथे बाकावर बसली होती. बावीस वर्षं तिने शिकाऊ सिस्टरांना मोजायला शिकवलं. मोठ्या माणसाला थांबवायला शिकवलं नाही, कारण थांबवावं लागेल असं मोठं माणूस ती स्वतः होती.

'तुम्ही उठायचं नाही,' बायको म्हणाली. 'ते बाहेर येईपर्यंत इथेच बसायचं माझ्याजवळ.'

'नाही उठत.'

दाराच्या वर लाल दिवा होता. सांगितलेला तास उलटून गेला. मग सव्वा तास. बायकोचा श्वास भराभर होऊ लागला, ओठ पांढरे पडले. मोठ्या सिस्टरांनी तिला हात लावला नाही, तो हक्क उरला नव्हता. ती नुसती म्हणाली, श्वास सोडा, सावकाश, पूर्ण बाहेर जाऊ द्या. स्वतःही सोडला. एक. दोन. तीन. दोघी भिंतीकडे बघत होत्या. चारला तिला त्या माणसाचं जड पोट आठवलं, आणि गणती सुटली. आयुष्यात पहिल्यांदा सुटली. तिने पुन्हा एक म्हटलं. मग दोनला सुटली. पुन्हा एक.

दीड तासाने दार उघडलं. सर्जन टोपी ओढून काढत बाहेर आले. बायकोला म्हणाले, निघाला, ठीक आहे, आता काळजी नाही. मग मोठ्या सिस्टरांकडे बघून वैतागलेल्या आवाजात म्हणाले, 'तुमच्या त्या नव्या सिस्टरने वीस मिनिटं हातावर हात धरून उभं ठेवलं मला. शिवूच देईना.'

त्यांच्यामागून नवी सिस्टर आली. मास्क गळ्यात, कपाळावर टोपीचा वळ. तिने पंचवीस दिवसांनी पहिल्यांदा मोठ्या सिस्टरांच्या डोळ्यांत पाहिलं.

'एक कमी लागत होता,' ती म्हणाली. 'एकाला एक असे दोन चिकटलेले निघाले. पुन्हा एकपासून मोजले, मोठ्या सिस्टर. सगळ्यांना थांबवून.'

मोठ्या सिस्टरांनी मान हलवली. मग तिला रडू आलं, सगळ्यांसमोर, बाकावर बसल्या बसल्या. बायको नवऱ्याकडे जायला उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

'आता उठा तुम्ही,' ती म्हणाली.