फाटकाबाहेरचा बुलबुल

साधना रामटेकेने स्क्रू काढून बुलबुलतरंगाची बटणांची पट्टी बाजूला ठेवली, तेव्हा जेवता जेवता तिच्या बापाचा हात थांबला.

"बटणंच काढली तं मंग राह्यलं काय त्याच्यात?" नागसेनभाऊंनी विचारलं.

"तारा राह्यल्या ना, बाबा."

पोंभुर्ण्याच्या वस्तीत नागसेनभाऊंनी उभी हयात हेच वाद्य वाजवलं होतं. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्याने तार छेडायची. जयंतीच्या मिरवणुकीत, बुद्धपौर्णिमेला, कोणाच्या बारशाला, भीमगीतांच्या पार्टीत त्यांचा बुलबुल सगळ्यांच्या पुढे असायचा. लकव्याने डावा हात गेला तेव्हा त्यांनी तो लेकीच्या हवाली केला. आणि आता लेक तोच उघडा करून बसली होती.

साधना चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका खासगी दवाखान्यात रक्त तपासायची. अजय नावाचा वीजकेंद्रातला ऑपरेटर काविळीच्या तपासणीसाठी तिथे यायचा. बाकावर बसून तो मोबाइलवर गिटार ऐकत असे. एकदा तिने विचारलं, "हे काय वाजून राह्यलं? माणूस कण्हल्यासारखं?"

"ब्लूज आहे. काचेची नळी तारेवर घसरवतात," तो म्हणाला.

ते तिच्या डोक्यातून जाईना. बुलबुलाचं बटण दाबलं की सूर टुणकन पुढच्या घरात जाऊन बसतो. दोन घरांच्या मधली जागा तिला कधी मिळालीच नव्हती. म्हणून तिने बटणं काढली. इंजेक्शनची जाड काचेची रिकामी बाटली धुऊन घेतली, आडवी धरली आणि तारेवरून हळू ओढली. सूर घसरला, अडखळला, पुन्हा वर चढला. नागसेनभाऊ ताट तसंच ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "पट्टी फेकू नको. जयंतीले लागन."

अजयची कावीळ उतरली तशी साधना त्याच्या बँडमध्ये गेली. अजय गिटारवर, त्याचा मित्र प्रणित ड्रमवर, आणि साधना मांडी घालून, समोर बुलबुल. पेटीला आतून तारांचा आवाज उचलणारा एक छोटा पिकअप चिकटवला आणि वायर अँप्लिफायरला जोडली. पहिल्याच दिवशी प्रणित काठ्या खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, आमची गिटार तं आता मागं पडते."

उन्हाळ्यात ऊर्जानगरच्या सप्तसूर मंडळाची रॉक नाइट होती, तिच्यात यांचाही बँड वाजवणार होता. तालमीच्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष वामनराव सभागृहात आले. त्यांनी गाणं पुरतं ऐकून घेतलं आणि मग अजयला बाजूला घेतलं, पण आवाज काही बारीक केला नाही.

"गिटार ठीक, ड्रम ठीक. हा डबा कशाले? नागपूरहून पाहुणे येऊन राह्यले. वस्तीतल्या जयंतीत शोभते हे."

साधना उठून उभी राहिली. "मी जयंतीतच शिकली, वामनराव. अन् हा डबा नाई, बुलबुल आहे."

"बाई, तुमाले कुठी नाई म्हणलं? तुम्ही गाणं म्हणा ना. चांगली साडी नेसून उभ्या राहा."

साधनाने अजयकडे पाहिलं. अजय गिटारची वायर गुंडाळत होता. गुंडाळून झालेली वायर त्याने सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"एका दिवसाचा प्रश्न आहे, साधना," तो म्हणाला.

"तुह्या गिटारले कोणी बाहेर ठेव म्हणलं असतं तं?"

त्याने वायर पिशवीत भरली. तिने बुलबुल कापडात गुंडाळला आणि ती निघाली. रस्त्यात तिला रडू आलं नाही.

रॉक नाइटच्या संध्याकाळी ती सभागृहाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून बसली. शेजारी बॅटरीवर चालणारा स्पीकर. पोंभुर्ण्याहून एसटीने आलेले नागसेनभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर. आत पहिलं गाणं सुरू झालं तसं तिने बाहेर तारेवर काच ठेवली. शिफ्ट सुटून वीजकेंद्राच्या बसमधून उतरलेली माणसं डबे हातात घेऊन थांबली. एक बाई पोराला कडेवर घेऊन पुढेच येऊन बसली.

वामनराव फाटकाशी आले. "बंद करा हे. आत कार्यक्रम चालू आहे."

"फाटकाच्या आत तुमचं मंडळ. हा रस्ता आहे," साधना म्हणाली. हात थांबला नाही.

"मी चौकीदाराले सांगतो."

"सांगा. त्यालेही ऐकू येऊन राह्यलं."

नागसेनभाऊ काठी टेकून उठले. अवघी हयात ज्यांच्यापुढे ते 'हो साहेब' म्हणत आले होते, त्यांच्यासारखाच एक माणूस समोर उभा होता. ते म्हणाले, "साहेब, उभे काऊन? बसा. माह्या पोरीचं ऐका."

वामनराव बसले नाहीत, पण त्यांनी चौकीदारालाही बोलावलं नाही.

अजयने त्या दिवशी आतच वाजवलं. पुढच्या रविवारी साधना त्याच जागी बसली होती तेव्हा तो गिटार घेऊन आला आणि उभाच राहिला.

"मी घाबरलो," तो म्हणाला. "कॉलनीत राहाचं आहे मले."

"मी कुठी जंगलात राह्यतो? बस. पण मी सुरू करीन, तू मागून ये."

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी ते तिथे वाजवू लागले. प्रणितही आला, रिकामं पत्र्याचं पिंप घेऊन.

वर्षभराने वामनराव दवाखान्यात आले. या वेळी आवाज मऊ होता. "या वर्षी या तुम्ही. ते वाद्यही आणा. फक्त स्टेजवर मागं, पडद्याजवळ बसा. समोरून बरं दिसत नाई."

साधनाने हातमोजे काढले. "पुढं बसीन. माइकवर बुलबुल म्हणून पुकाराचं. अन् मागच्या वर्षी डबा म्हणलं ते सगळ्यायसमोर परत घ्याचं."

"कमिटीले विचारतो," म्हणून ते गेले, ते पुन्हा आले नाहीत.

रॉक नाइटला साधना, अजय आणि प्रणित रस्त्यावर बसले. त्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून मंडळाने सभागृहाच्या खिडक्या-दारं लावून घेतली. चंद्रपूरचा मे महिना, आतले कूलर नुसती दमट हवा फेकत होते. तिसरं गाणं होईपर्यंत माणसं शर्टाच्या गुंड्या सोडत बाहेर येऊ लागली. काहींनी खुर्च्याही उचलून आणल्या. शेवटी चौकीदाराने फाटक सताड उघडलं आणि तो स्वतःच पायरीवर टेकला.

वामनराव दारात उभे राहून बघत होते. साधनाने त्यांना पाहिलं, स्पीकरच्या आवाजाचं बटण आणखी वर फिरवलं आणि पुढचं गाणं धरलं.