पत्र्यावरचं जातं

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीतली पोरं माझ्या अंगणात, लिंबाखाली शिकायला बसतात. त्या दिवशी समोरच्या मैदानात वावटळ उठली आणि सिदू ओरडला, "बाई, भूत! थुंका रे, थुंका!"

पोरांचं थुंकून झाल्यावर मी बादलीतलं पाणी हातानं गरगर फिरवलं आणि वर लिंबाची पानं टाकली. पानं भोवऱ्यात ओढली गेली.

"ही आपली वावटळ. हिची थोरली आत्या ढगातून खाली उतरते. तिला टोर्नाडो म्हणतात."

मग बांगलादेशातल्या माणिकगंज भागाची गोष्ट सांगितली. एकोणीसशे एकोणनव्वद सालचा एप्रिल. पाऊस नव्हता, त्यामुळे ढग आले तेव्हा लोकांना बरंच वाटलं असेल. त्या एका संध्याकाळी गावंच्या गावं भुईसपाट झाली, तेराशेच्या आसपास माणसं गेली.

"वारा एवढा लागतो व्हय?" सिदूनं विचारलं.

"नुसता वारा नाही रे. वाऱ्यानं उडवलेलं सामान लागतं."

"आपल्याकडं येतं का, बाई?" हे भुवनेश्वरीनं विचारलं. आमची भुवी.

"तसलं सहसा नाही येत. पण वळवाचा वारा पत्रा उचलतो की."

भुवी मान वर करून लिंबाच्या फांद्यांकडे बघत बसली. मला वाटलं, कंटाळली.

दोन-तीन दिवसांनी तिचे अज्जा, म्हणजे आजोबा, सिद्धलिंगप्पा माझ्या दारात उभे राहिले. "बाई, काय शिकिवलं हो पोरीला? तिच्या तान्ह्या भावाला, नंदीशला, झोळीत घालू देत न्हाय. रात्रभर छताकडं बघत जागी असती."

मी त्यांच्यासोबत गेले. आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच पत्र्यावर दगड असतात, पत्रा उडू नये म्हणून. यांच्या पत्र्यावर दगडांच्या मधोमध जात्याची एक जड, गोल दगडी तळी होती, नेमकी झोळीच्या वर.

"हेमावतीनं, पोरीच्या अज्जीनं ठेवलेली हाय ती," अज्जा म्हणाले. "एकदा लई वारा सुटला, पत्रे वाजाय लागले, तशी पदर खोचून शिडीवर चढली. तवापासनं पत्रा हलला न्हाय. ती गेली, पण घर धरून बसलीय की." त्यांनी वर पत्र्याकडे हात केला. "ती तळी खाली काढू व्हय मी?"

भुवी झोळीची दोरी धरून उभी होती. "अज्जा, पत्रा उडाला तर अज्जीचं जातं कुटं पडंल?"

अज्जांनी वर पाहिलं. मग झोळीकडे. शेवटी खाली बसून त्यांनी झोळीतून नंदीशला उचललं.

"ईरप्पाला सुट्टी कवा हाय गं?"

ईरप्पा म्हणजे भुवीचा बाप, चिंचोळीच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी त्यानं पत्र्याला लोखंडी हूक मारून ते खालच्या पाइपांना आवळले. दगड एकेक करून उतरवले. जात्याची तळी मात्र अज्जांनी कुणाला फेकू दिली नाही. दोरीनं बांधून हळूच खाली सोडायला लावली. दुसरी तळी मोरीमागं पडून होती. दोन्ही धुऊन त्यांनी एकावर एक बसवल्या आणि खुंटा ठोकला.

"अज्जी आता खाली बसली," ते भुवीला म्हणाले. "दळ बघू."

"मला जमतंय व्हय?"

"तिलाबी सुरुवातीला जमत नव्हतं. पण तसं म्हणायची न्हाय कधी."

पुढच्याच आठवड्यात दुपारी वळवाचा वारा सुटला. गल्लीभर पत्रे थडथडले. वारा थांबल्यावर पोरं अंगणात जमली, भुवी सोडून. मी चप्पल घालतेय तोवर ती डोळे चोळत आली.

"का गं, उशीर?"

"झोप लागली होती, बाई. मला आन् नंदीशला."